वरचा एस

ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या सोसायटीच्या जिन्यात मुलं अभ्यासाला बसतात. घरोघरी एसी लागले, तरी यांना जिनाच लागतो. मी भाजीची पिशवी घेऊन वर चढते तेव्हा पाय आखडून घेतात, आणि माझी पाठ वळली की पुन्हा पसरतात. परवा त्यांच्यातलीच एक, दुसऱ्या मजल्यावरची सायली, मोबाइल पुढे धरून दारात उभी राहिली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लाप्लास ट्रान्सफॉर्मचं एक उत्तर तिचं काही केल्या जुळत नव्हतं. मी पुष्कळ वर्षं मुलुंडच्या एका क्लासमध्ये हेच शिकवत होते, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे एरवी नाही, तरी परीक्षा आली की माझी आठवण होते.

चष्मा लावला आणि पाहिल्याबरोबर सांगितलं, वरचा एस हलवायचा राहिलाय. "शी, एवढंच होतं?" म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेली.

एवढंच होतं. मी मात्र दार लावून खुर्चीत बसले, ती चहाची वेळ टळून गेली तरी उठले नाही. गुडघे दुखत होते, हे एक कारण. या दिवसांतली उष्णता माणसाला पिळून काढते, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे भांडुपच्या खोलीतला तो एक ऑक्टोबर. तो आला की मला दुसरं काही सुचत नाही.

ज्यांचा गणिताशी संबंध दहावीतच सुटला, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, घाबरू नये. काळाबरोबर बदलणारी एखादी गोष्ट असते, हेलकावणारी स्प्रिंग म्हणा किंवा तारेतला विजेचा प्रवाह म्हणा. तिचं गणित किचकट असतं. लाप्लास ट्रान्सफॉर्म केला की त्यातला टी, म्हणजे काळ, निघून जातो आणि एस येतो. हाती उरतो तो एक अपूर्णांक, वर काहीतरी आणि खाली काहीतरी. आता त्या मूळ गोष्टीला कोणी ई रेझ टू मायनस टू टीने गुणलं, म्हणजे तिला हळूहळू मावळायला लावलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडत बसावं लागत नाही. आधीचंच उत्तर घ्यायचं आणि जिथे जिथे एस दिसेल तिथे एस अधिक दोन लिहायचं. झालं. हा पहिला शिफ्टिंग थिअरम. जिथे जिथे म्हणजे खाली आणि वरही. दमलेला माणूस खालचा बदलतो आणि वरचा तसाच सोडून देतो.

आमचे हे तसाच सोडत.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही भांडुपला टेंभीपाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही म्हणजे हे, मी, बालवाडीत जाणारी आमची मुलगी आणि सासूबाई. हे आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला सुपरवायझर होते. डिप्लोमा झालेला. आठवड्याला पाळी बदले. कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. नोकरी सांभाळून बाहेरून देता येणारी इंजिनिअरिंगची एक परीक्षा असे, तिला त्यांनी लग्नाआधीच नाव घातलं होतं. एकेक विषय सोडवत सगळे सोडवले, राहिलं ते गणित. ते काही सुटेना. आणि नाव घालून इतकी वर्षं झाली होती की नियमाप्रमाणे ही शेवटची संधी होती. दिवाळीनंतर पेपर. पास झाले, तर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये जागा रिकामी होत होती, तिथे यांना घेऊ असं साहेब म्हणाले होते. कायमची दिवसपाळी. नापास झाले, तर निवृत्त होईपर्यंत पाळ्या.

मला साहेबाची बायको व्हायचं नव्हतं, खरंच नव्हतं. मला रात्री घरात झोपणारा नवरा हवा होता. याहून साधी इच्छा बायकोची काय असणार? पण ती लाप्लासच्या पलीकडे जाऊन बसली होती.

मी गणितात बी.एस्सी. झालेली. लग्नात या गोष्टीचं कौतुक झालं होतं, मग ती फळीवर ठेवलेल्या चांदीच्या भांड्यासारखी तशीच राहिली होती. गणपती गेले आणि मी यांना म्हटलं, यंदा क्लासबिस काही नको, मी शिकवते. हो म्हणाले. ज्या स्वरात माणूस पोस्टमनला हो म्हणतो त्या स्वरात म्हणाले, पण म्हणाले.

अभ्यासाची वेळ पाळीप्रमाणे ठरे. सकाळची पाळी असली की दुपारी घरी आल्यावर. रात्रपाळी असली की सकाळी, अंघोळ झाल्यावर आणि झोपण्याच्या आधी. मुलीची पाटी घ्यायचो. पाटीवर चूक पुसता येते आणि पुसली की नाहीशी होते, हे त्यांना बरं वाटे. ओल्या फडक्याने ते अशी काही पाटी पुसत की मशीनच पुसताहेत असं वाटावं, कोपऱ्यांसकट. पुसण्यात त्यांचा जेवढा जीव रमे तेवढा लिहिण्यात नसे. पेन्सिल धरलेल्या बोटांच्या रेषांत ग्रीस असे. कितीही रिठा लावला तरी ते निघत नसे, आणि ऑक्टोबरच्या घामाने पाटीच्या चौकटीवर त्याचे ठसे उमटत. मुलगी बालवाडीत गेली की बाई विचारत, पाटीला हे काय लागलंय.

दुसरा शिफ्टिंग थिअरम म्हणून एक असतो, एखादी गोष्ट अमुक वेळेपर्यंत शून्य आणि मग एकदम सुरू झाली तर काय करायचं, त्याचा. मुलांना तो जड जातो. यांना पहिल्याच दिवशी कळला. बटण दाबेपर्यंत मोटर बंद असते, त्यात काय कळायचं, म्हणाले. पण पहिला, जो सगळ्यांना सोपा वाटतो, तिथे यांची गाडी अडे. साइन असेल तर उत्तर बरोबर, कारण साइनच्या उत्तरात वर नुसता आकडा असतो, एस नसतोच. कॉस आला की वर एस येतो, आणि यांचा तो एस जागचा हलत नसे. खाली व्यवस्थित एस अधिक दोनचा वर्ग अधिक नऊ, आणि वर आपला एकटा एस. मी म्हणे, वरचा. ते म्हणत, हां हां. पुढच्या गणितात पुन्हा तेच.

एकदा मी चिडले. चिडायला वेळ लागत नसेच तेव्हा. विचारलं, दर वेळी हाच कसा राहतो? पाटी खाली ठेवून त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, जणू मीच नवीन हेल्पर लागले होते. मशीन सरकवायचं असलं की फाउंडेशन सरकवतात. बेस सरकला की त्याच्यावरचं सगळं त्याच्याबरोबर सरकतं. वरचं पुन्हा वेगळं सरकवलं, तर ते बेसच्या बाहेर जाईल, अलाइनमेंटची वाट लागेल. मग खालचा एस सरकवला असताना वरचा पुन्हा कशाला सरकवायचा?

मला हसू आलं नाही, रडायलाच आलं. कारण चूक आळसाची नव्हती. हा माणूस डोकं लावून, पूर्ण विचार करून, दर वेळी चुकत होता. अशी चूक पाटी पुसून जात नाही. शिफ्ट या शब्दावरून त्यांच्या खात्यात जे विनोद चालत ते मी इथे सांगत नाही. दमलेल्या माणसांचे विनोद सगळीकडे तेच असतात.

दमणं या गोष्टीवर मी पुढे खूप विचार केला. तेव्हा वेळ नव्हता. बाईच्या दमण्याला नाव नसतं, असं बायका म्हणतात, ते खरं आहे. पण पाळ्यांतल्या माणसाच्या दमण्यालाही नाव नसतं. ते आजारी नसतात. त्यांना काही दुखत नसतं. जेवतात, बोलतात, मुलीला कडेवर घेतात. फक्त प्रत्येक गोष्ट जरा उशिराने त्यांच्यापर्यंत पोहोचते. तुम्ही विचारता, आमटी वाढू का, आणि ते तुमच्याकडे बघत राहतात, आणि मग हो म्हणतात. तेवढ्या वेळात मला वाटे, हे परत येतील की नाही. वर्षानुवर्षं दिवसा झोपलेल्या माणसाची झोप ही झोप नसते. गल्लीत बोहारीण ओरडते, नळावर भांडण होतं, कोणाच्या तरी घरी रेडिओ लागतो. माणूस डोळे मिटून पडलेला असतो आणि सगळं ऐकत असतो.

रात्रपाळीच्या आठवड्यात आमच्या घराची घडीच बदले. दिवसा कुकर लावायचा नाही, शिट्टी होते. भात उघड्या पातेल्यात शिजवायचा. पाट्यावर वाटण वाटायचं नाही, म्हणजे माशांची कढी नाही, म्हणजे बांगडे तळायचे. सासूबाई मालवणकडच्या. कढीशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, पण लेकासाठी तेही मुकाट्याने खात. मुलीला मी कुजबुजत बोलायला शिकवलं होतं. ती इतकी शिकली की बालवाडीतही कुजबुजत बोले, आणि मला बाईंनी बोलावून घेतलं. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच, गणपतींच्या सुमारास झालं होतं. त्यात यांची रजा सगळी संपली होती. त्यांच्या डोळ्यांत औषध घालायच्या वेळासुद्धा यांच्या झोपेवर बेतलेल्या.

शेवटी मी यांना एस समजावला तो याच गोष्टीवरून. त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवलं आणि विचारलं, तुमची रात्रपाळी लागते तेव्हा काय काय हलतं? म्हणाले, मी. मी म्हटलं, बरं, तुम्ही हललात. मग घरातलं बाकीचं आपोआप हलतं का? कुकर आपोआप गप्प बसतो? आईंच्या डोळ्यातलं औषध आपोआप पुढे जातं? पोरगी आपोआप कुजबुजते? एकेक गोष्ट कोणीतरी हाताने उचलून पुढे ठेवतं, तेव्हा तुमची रात्रपाळी होते. एक जरी जागेवर राहिली तरी उत्तर चुकतं.

ते बराच वेळ पाटीकडे बघत बसले. मला वाटलं, नेहमीसारखं उशिराने पोहोचतंय. मग त्यांनी पेन्सिल उचलली, वरच्या एसच्या शेजारी अधिक दोन लिहिलं, त्याला कंस घातला. खाली मान घालूनच म्हणाले, "म्हणजे हा वरचा एस तू."

मी उठले. ओट्याकडे जाऊन उगाच भांडी लावली. इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेल्या सगळ्या गोष्टी मी आठवून बघितल्या आहेत, साड्या, बांगड्या, एकदा माथेरान. त्यात हे वाक्य मी वर ठेवते. त्यानंतर वरचा एस त्यांनी एकदाही सोडला नाही. मी मुद्दाम वाकडीतिकडी गणितं घाले, कॉसमध्ये टी गुणून देई, दोन पदं एकत्र देई. एस असेल तिथे ते शोधून काढत आणि हलवत. सासूबाई पलंगावरून डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून ऐकत असत. एकदा मी यांना झोपायच्या वेळेपलीकडे बसवलं तेव्हा म्हणाल्या, "तेका जरा निजांदे गो. गणित खंय पळान जाता काय?" मी मनात म्हटलं, पळूनच तर जातं आहे.

दिवाळी अशीच गेली. फराळ मी थोडका केला. चकल्या विकत आणल्या, आणि त्या वर्षी सासूबाईंनीही त्यावर काही म्हटलं नाही. कंदील लावला तोसुद्धा पाडव्याला.

पेपर ज्या दिवशी होता तो आठवडा नेमका रात्रपाळीचा निघाला. यांनी पाळी बदलून मागितली. ज्याच्याशी अदलाबदल करायची, तो दिवाळीला गावी गेला तो परतलाच नव्हता. रजा शिल्लक नव्हती. साहेब भला माणूस, पण त्याच्याही वर साहेब होते. असं काही क्रूर घडलं नाही. फक्त कोणाकडेच द्यायला एक रात्र नव्हती.

सकाळी हे पाळी संपवून घरी आले, अंघोळ केली, चहा घेतला. डोळे लाल, पण चेहरा बरा होता. परीक्षेचं केंद्र अंधेरीला, पवईवरून जाणारी बस. मी मुलीला सासूबाईंकडे सोपवलं आणि यांच्याबरोबर निघाले. बसमध्ये डोळा लागला आणि पुढच्या स्टॉपवर गेले म्हणजे? बस सुटल्याबरोबर म्हणाले, "मला झोपू देऊ नकोस हं, सुधा." म्हणून मी त्यांना विचारत राहिले. ई रेझ टू मायनस थ्री टी इनटू टी स्क्वेअर. ई रेझ टू टी कॉस टू टी. ते बरोबर सांगत होते. वरचा, खालचा, सगळा. कंडक्टर आमच्याकडे बघत होता. पवईला तलावावरून वारा आला तेव्हा त्यांची मान खाली गेली. मी कोपराने ढोसलं. दचकून ते म्हणाले, एस वजा एक. उत्तर बरोबर होतं.

केंद्राच्या फाटकाबाहेर एक कठडा होता, त्यावर मी बसले. माझ्यासारख्या आणखी बायका होत्या, कोणाचा नवरा आत, कोणाचा मुलगा. सावली हळूहळू सरकत होती तशा आम्ही सगळ्या सरकत होतो. मला वाटत होतं, आज सगळं ठीक झालं तर पुढच्या दिवाळीला मी चकल्या घरी करीन. भाजणीसुद्धा घरी. त्या तीन तासांत मी आमच्या पुढच्या सगळ्या वर्षांची मांडणी करून टाकली, रात्रीचं जेवण एकत्र, मुलीला मोठ्याने बोलू देणं, पाट्यावर हवं तेव्हा वाटण. रात्री जाग आली तर शेजारी हात लागणं.

लोक बाहेर पडू लागले. हे शेवटी आले. मला आधी आनंदच झाला, कारण चेहरा ताजातवाना दिसत होता. डोळ्यांतला लाल रंग गेला होता. एका गालावर बाकाच्या कडेची रेघ उमटलेली होती, तिचा अर्थ मला लगेच लागला नाही.

प्रश्नपत्रिका त्यांनी माझ्या हातात दिली. पहिलाच प्रश्न, ई रेझ टू मायनस टू टी कॉस थ्री टी. मी वर बघितलं.

"तो केला," म्हणाले. "वरचा एस हलवला. मग म्हटलं दोन मिनिटं डोळे मिटू. पेपर गोळा करायला आले तेव्हा त्यांनी हलवून उठवलं."

मी प्रश्नपत्रिका उलटून बघितली. सगळी गणितं येणारी होती. सगळी आम्ही केली होती, एकेक, पाटीवर.

"इतकी गाढ झोप मला किती वर्षांत लागली नव्हती," ते म्हणाले. लाजून नाही, तक्रारीने नाही, आश्चर्याने. सगळे मान खाली घालून लिहीत होते, कोणी बोलत नव्हतं, पंखा चालू होता. भर दिवसा एवढी शांतता त्यांना कुठेच मिळाली नव्हती. ज्या झोपेसाठी आम्ही ही परीक्षा द्यायला निघालो होतो, ती त्यांना परीक्षेतच मिळाली.

स्टॉपवर उभे होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "रागावलीस?"

"हो," मी म्हटलं.

खरंच रागावले होते. कोणावर, ते मला आजही नीट सांगता येत नाही. परतीची बस मुलुंडची मिळाली. खिडकीची जागा मी त्यांना दिली. साकीनाका यायच्या आतच त्यांची मान माझ्या खांद्यावर आली. पवई गेली, वारा आला, मी काही विचारलं नाही. उन्हाची बाजू होती, म्हणून पदर त्यांच्या डोळ्यांवर धरला. आग्रा रोडला बस वळली, कारखान्याचं फाटक मागे पडलं, कंडक्टरने भांडुप भांडुप असं दोनदा ओरडून आमच्याकडे बघितलं. हा सकाळचा कंडक्टर नव्हता, पण आमची तिकिटं भांडुपची होती हे त्याला ठाऊक होतं, आणि माझ्या खांद्यावरची झोप त्याला दिसत होती. मी मान हलवून नाही म्हटलं आणि शेवटच्या स्टॉपपर्यंतची तिकिटं घेतली.